सूत्रकृमींचे जीनोम डेटाबेस: वर्मबेस, पॅरासाईट वगैरे (सांगली-साताऱ्याकडचं कोण कोण वापरतंय?)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचं डोक्यात होतं. मी सांगलीत एका कॉलेजात जेनेटिक्स शिकवते. आमच्याकडं जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि तिकडं साताऱ्यात माण-खटाव हा सगळा मेंढरांचा पट्टा. पावसाळा लागला की एकच तक्रार कानावर येते, जंताचं औषध पाजलं तरी मेंढी सुधारत नाही, जबड्याखाली पाणी उतरतं, पापणी उलटून बघितली तर आतून पांढरीफटक. हा बहुतेक वेळा हिमाँकस कंटॉर्टस नावाचा सूत्रकृमी, मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. औषध लागू का पडत नाही याचं एक मोठं उत्तर या किड्याच्या एका जनुकात आहे, आणि ते जनुक तुम्ही आत्ता हातातल्या मोबाईलवर उघडून वाचू शकता, फुकट, लॉगिन नाही की पासवर्ड नाही. हे आपल्याकडच्या पोरांना माहीतच नसतं. मुलं म्हणतात मॅडम लॅब नाही, मशीन नाही, मग संशोधन कसलं करायचं. म्हणून हा धागा.

आता मुद्द्याचं. सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलीमीटरचा, मातीत नि कुजक्या फळांवर राहणारा निरुपद्रवी किडा. याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, डिसेंबर १९९८ मध्ये छापून आला, बहुपेशीय प्राण्यांमधला पहिलाच. साधारण १० कोटी अक्षरं, प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं, ६ गुणसूत्रं. या किड्याबद्दल जगात जे जे छापून येतं ते वाचून, तपासून वर्मबेस या त्याच्या डेटाबेसवर नोंदवणारी माणसं आहेत, नुसतं कॉम्प्युटरनं गोळा केलेलं नाही ते. हे मला फार मोलाचं वाटतं.

वर्मबेसच्या सर्चमध्ये बेन-१ या जनुकाचं नाव टाका. पान उघडलं की सगळ्यात वर दोन-चार वाक्यांत जनुकाची ओळख येते. शेजारी दुसरं नाव दिसेल, सी५४सी६.२. यातलं सी५४सी६ म्हणजे डीएनएचा जो तुकडा सुरुवातीला वाचला त्याचं नाव आणि .२ म्हणजे त्या तुकड्यावरचं दुसरं जनुक. शिवाय डब्ल्यूबीजीनने सुरू होणारा लांबलचक नंबर असतो, तो कायम टिकतो, बाकीची नावं बदलू शकतात. वहीत तो नंबरच लिहायचा. मग खाली म्युटंट (जनुक बदललेले किडे), फेनोटाईप (त्यामुळं किड्यात काय दिसतं), जनुक कुठल्या पेशीत चालतं, कुठल्या जनुकाशी नातं, कुठला स्ट्रेन (किड्याचं वाण) कुठं मिळतो, सगळं एकाच पानावर.

बेन-१ बीटा-ट्युब्युलिन बनवतं, पेशीचा सांगाडा उभा करणारं एक प्रथिन. बेंझिमिडाझोल गटातली औषधं, म्हणजे आपली अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, या ट्युब्युलिनला जाऊन चिकटतात. १९८९ साली दाखवून दिलं गेलं की सी. एलिगन्समध्ये हे जनुक बिघडलं तर किडा औषधाला दाद देत नाही. आणि गंमत बघा, बाकी किडा ठणठणीत राहतो, कारण त्याच्याकडं बीटा-ट्युब्युलिनची एकूण ६ जनुकं आहेत: बेन-१, टीबीबी-१, टीबीबी-२, मेक-७, टीबीबी-४, टीबीबी-६. एक गेलं तरी बाकीची काम भागवतात.

इथून पुढं वर्मबेस पॅरासाईटवर जायचं. तिथं परजीवी सूत्रकृमी आणि चपट्या कृमींचे जीनोम आहेत, हिमाँकस आहे, हत्तीरोगाच्या गटातला ब्रुगिया मलायी आहे, मुळावर गाठी करणारा मेलॉइडोगायनी आहे. आणि इथंच माझं कळकळीचं सांगणं आहे. पॅरासाईटवर "बेन-१ सारखं" म्हणून जे जनुक दिसतं ते बेन-१ नाही. हिमाँकसमध्ये ज्या जनुकातल्या बदलामुळं औषध फेल जातं त्याला आयसोटाईप १ म्हणतात, ते हिमाँकसच्या १ नंबरच्या गुणसूत्रावर आहे, आणि बेन-१ सी. एलिगन्सच्या ३ नंबरवर. दोघांचं घराणं एक, पण एकास एक जोडी लागत नाही, कारण ही ट्युब्युलिनची जनुकं दोन्हीकडं आपापली दुप्पट होत गेली. तरीही १९९५ मध्ये हिमाँकसचं हे जनुक बेन-१ बिघडलेल्या सी. एलिगन्समध्ये घातल्यावर किडा परत औषधाला बळी पडायला लागला. म्हणजे काम सारखं आहे हे प्रयोगानं कळलं, नाव जुळलं म्हणून नाही. डेटाबेस तुम्हाला कुठं बघायचं ते सांगतो, तिथं काय आहे ते आपल्यालाच तपासावं लागतं.

कोण कोण वापरतंय ते लिहा, अडचणी पण लिहा.

नीरेकाठचा डॉक्टर

ताई, फार गरजेचा धागा. मी व्हेटर्नरीवाला, शिरवळ ते दहिवडी माझं फिरणं असतं. जमिनीवरचं थोडं जोडतो. औषध फेल गेलं असं मेंढपाळ म्हणतो तेव्हा दरवेळी तो जनुकाचाच दोष नसतो. कुणी सगळ्या कळपाला एकाच अंदाजानं पाजतं, मोठ्या मेंढीला डोस कमी पडतो. कुणाकडं बाटली उन्हात पडून असते. म्हणून आधी लेंड्यांतली अंडी मोजायची, औषध द्यायचं, साधारण १४ दिवसांनी परत मोजायची. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणात घटली तर शंका घ्यायची. हे झाल्यावरच डीएनएकडं वळावं.

आणि त्या आयसोटाईप १ मधले तीन बदल आम्हाला तोंडपाठ करावे लागतात, एफ१६७वाय, ई१९८ए आणि एफ२००वाय. सगळ्यात गाजलेला शेवटचा. २०० नंबरच्या जागी टीटीसी असतं तिथं टीएसी होतं, मधल्या टीच्या जागी ए, बस्स एवढंच, आणि फिनाइलअलॅनिनचं टायरोसिन होतं. शिवाय हा गुण अप्रभावी आहे. म्हणजे किड्याच्या दोन्ही प्रतींत बदल असेल तरच तो औषधातून वाचतो. एका प्रतीवाले किडे औषधानं मरतात, पण जोवर औषध फार वापरलं जात नाही तोवर बदल त्यांच्यातच दडून कळपात फिरत राहतो. अंडी मोजून तो दिसत नाही, डीएनएतच दिसतो. तिथं तुमचे डेटाबेस कामाला येतात, प्रायमर (डीएनएचा हवा तेवढाच भाग पकडून वाढवायला लागणारे छोटे तुकडे) करायला.

बीएस्सी_टीवाय

मॅडम धागा वाचला आणि लगेच पॅरासाईट उघडून बघितलं. हिमाँकस सर्च केलं तर दोन दोन जीनोम येतायत एकाच किड्याचे! पीआरजेईबी५०६ आणि पीआरजेएनए२०५२०२. कुठला घ्यायचा? दोन्हीकडं जनुकांचे नंबर पण वेगळेच आहेत, जुन्या पेपरमधला नंबर टाकला तर काहीच सापडत नाहीये.

कराडकर_कोड

मी कराडचा, सध्या पुण्यात बायोइन्फॉर्मेटिक्सचं काम करतो. हा प्रश्न सगळ्यांना पडतो, मी सांगतो.

हिमाँकसचे दोन जीनोम २०१३ साली एकाच वेळी दोन गटांनी छापले, एक एमएचको३ नावाच्या स्ट्रेनचा आणि दुसरा ऑस्ट्रेलियातल्या मॅकमास्टर स्ट्रेनचा. पीआरजेईबी५०६ म्हणजे पहिला. त्याच्यावर पुढं काम चालू राहिलं आणि २०२० मध्ये तो अख्ख्या गुणसूत्रांच्या पातळीवर जोडून छापला गेला, साधारण २८ कोटी अक्षरं, ५ साधी गुणसूत्रं आणि एक एक्स. त्यामुळं आज काम सुरू करणार असशील तर तोच घे. त्यातल्या जनुकांचे नंबर एचकॉनने सुरू होतात. २०१३ च्या पेपरातले नंबर त्या वेळच्या जोडणीचे, ते इथं कसे सापडणार. गट नंबर बदलले की जुन्या सातबाऱ्यावरून बांध सापडत नाही, तसंच आहे हे. पॅरासाईटवर जुन्या रिलीज ठेवलेल्या असतात, नाहीतर सरळ जुन्या पेपरातलं प्रथिनाचं सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) घेऊन नव्या जीनोमवर ब्लास्ट मार, म्हणजे सारखं सिक्वेन्स शोधणारा प्रोग्रॅम चालव, दोन मिनिटांचं काम.

दुसरं म्हणजे कुठलीही गोष्ट डाउनलोड केली की फाईलच्या नावातच रिलीज लिहून ठेवायचं. वर्मबेसचं डब्ल्यूएस आणि पुढं आकडा, पॅरासाईटचं डब्ल्यूबीपीएस आणि पुढं आकडा. सहा महिन्यांनी गाईड विचारणार हे कुठून आणलं, तेव्हा "साईटवरून" हे उत्तर चालत नाही.

तिसरं, जनुकांच्या जागा लिहिलेल्या फाईली दोन तऱ्हेच्या मिळतात, जीएफएफ३ फाईलमध्ये मोजणी १ पासून सुरू होते आणि बेड फाईलमध्ये ० पासून. एका अक्षराचा फरक. पण डॉक्टर वर म्हणाले तसं इथं सगळा खेळच एका अक्षराचा आहे, तर टीटीसीमधला मधला टी तुम्ही शोधताय आणि हातात पहिला टी आला तर सगळं मुसळ केरात. आणि जनुक उलट्या धाग्यावर असेल तर सिक्वेन्स उलटं करून पूरक अक्षरं घ्यावी लागतात, ब्राउजर नेहमी सुलट धागाच दाखवतो.

तासगावचा बागायतदार

राम राम. मला तुमचं जनुकं बिनुकं काय कळत नाही पर धागा वाचला पूर्ण. आमच्याकडं मेंढरं नाहीत पर निमॅटोड लई हाय. टोमॅटो उपटला की मुळाला गाठीच गाठी, ढोबळीला तेच, डाळिंबाला तर विचारू नका, झाड वरून पिवळं पडत जातं आणि पाणी-खत कितीबी द्या वाढत नाही. झेंडू लावून बघितला, थोडा फरक पडतो. तर ह्या गाठीवाल्या किड्याचं बी जनुक तुमच्या त्या साईटवर हाय का? आणि त्याचा आमाला काय उपेग?

वारणाकाठ

राम राम दादा. आहे की, त्याचं नाव मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा. २००८ साली त्याचा जीनोम छापला, पिकावरच्या सूत्रकृमींमधला पहिला. हा किडा नर-मादी संकराशिवाय वाढतो, मादी एकटीच अंडी घालते, म्हणून एवढ्या झपाट्यानं पसरतो.

पोरांसाठी यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. २००८ ला या जीनोमची लांबी आली ८ कोटी ६० लाख अक्षरं, आणि २०१७ ला परत नीट वाचला तेव्हा ती निघाली १८ कोटीच्या वर. किडा काही वाढला नाही. त्याच्याकडं प्रत्येक गुणसूत्राच्या तीन-तीन प्रती आहेत, त्या एकमेकींपेक्षा बऱ्यापैकी वेगळ्या आहेत, आणि पहिल्या वेळी बऱ्याच ठिकाणी त्या एकीत एक मिसळून गेल्या होत्या. त्यामुळं तुम्ही मेलॉइडोगायनीत एखादं जनुक शोधलंत आणि तीन सापडली तर घाबरू नका, आणि एकच सापडलं तर जरा संशय घ्या.

दादा, तुमच्या उपयोगाचं सांगते. टोमॅटोत एमआय-१ नावाचं जनुक आहे, ते असलेल्या जातीच्या मुळात हा किडा शिरला तरी त्याला घर करता येत नाही. पण जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ते काम करेनासं होतं. आपल्याकडं मार्च-एप्रिलला तासगावच्या रानात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून "निमॅटोड प्रतिरोधक" असं पाकिटावर लिहिलेलं बियाणं उन्हाळी लागवडीला घेताना दुकानदाराला हे विचारा. झेंडू लावताय ते बरोबरच आहे, चालू ठेवा, पण शेवटी उपटून मुळं रानाबाहेर काढून जाळा, गाठीतली अंडी रानातच राहतात नाहीतर.

आणि टोमॅटोला जे फ्लुओपायरम सोडतात ना ड्रिपमधून, ते किड्याच्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेवर, सक्सिनेट डिहायड्रोजिनेजवर बसतं. त्याच जातकुळीच्या रेणूंना दाद न देणारे सी. एलिगन्स लॅबमध्ये शोधले तेव्हा बदल निघाले ते मेव-१ आणि एसडीएचबी-१ सारख्या जनुकांत. उद्या आपल्या रानात हे औषध लागू पडेनासं झालं तर पहिल्यांदा कुठली जनुकं बघायची ते आज माहीत आहे, हा उपयोग.

तासगावचा बागायतदार

२८ अंशाचं कुणीच सांगितलं न्हवतं आजवर. धन्यवाद ताई. पाकीट जपून ठिवलंय, उद्याच विचारतो.

अजिंक्यतारा

वाचतोय, फार छान चर्चा. मी साताऱ्यात निवृत्त प्राणिशास्त्राचा शिक्षक. थोडा इतिहास सांगावासा वाटतो, मुलांना तो कुणी सांगत नाही.

सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये या किड्याच्या जेनेटिक्सवरचा मोठा शोधनिबंध छापला, त्यात त्यांनी शेकडो म्युटंट वेगळे केले होते. वाकडे चालणारे, बुटके, लांबडे. आज जी नावं दिसतात, अन्क, डीपीवाय, लॉन, ती तिथून आलेली. जॉन सल्स्टन यांनी किड्याची एकेक पेशी अंड्यापासून कुठून कुठं जाते ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढलं, प्रौढ उभयलिंगी किड्यात ९५९ कायिक पेशी, त्यातल्या ३०२ चेतापेशी. मग सल्स्टन आणि रॉबर्ट वॉटरस्टन यांच्या गटांनी जीनोम वाचला, एक केंब्रिजजवळ आणि एक अमेरिकेत सेंट लुईसला. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल. पुढं २००६ चं नोबेल आरएनएआयला (आरएनए देऊन जनुक गप्प करणं), २००८ ला जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या नोबेलमध्ये चाल्फी, आणि २०२४ ला मायक्रोआरएनए (जनुकांवर ताबा ठेवणारे छोटे आरएनए), सगळं याच किड्याच्या पोटातून निघालं.

पण मला सगळ्यात भावतं ते या लोकांचं वाटून खाणं. जीनोम पूर्ण व्हायच्या आधीपासून ते नकाशे आणि सिक्वेन्स सगळ्यांना खुले करत होते. त्यासाठी एसेडीबी नावाचा डेटाबेस लिहिला, त्यातूनच २००० च्या सुमाराला वर्मबेस उभा राहिला. १९९६ मध्ये बर्म्युडाला मानवी जीनोमवाल्यांनी ठरवलं की वाचलेलं सिक्वेन्स २४ तासांत जगाला खुलं करायचं, त्यामागं सल्स्टन आणि वॉटरस्टन यांचाच आग्रह होता. त्या वेळी कुणी हे पेटंटच्या कुलपात ठेवलं असतं तर आज सांगलीतल्या मुलीला मोबाईलवर बेन-१ दिसलं नसतं.

आणि एक. सी. एलिगन्सचा भाऊ सी. ब्रिग्साई, त्याचा जीनोम २००३ मध्ये छापला. जगभर ज्या स्ट्रेनवर त्याचं काम चालतं तो एएफ१६ अहमदाबादच्या मातीतला आहे.

कराडकर_कोड

+१ सर. एएफ१६ अहमदाबादचा आहे हे मी लॅबमध्ये सांगतो तेव्हा लोकांचा विश्वास बसत नाही.

बीएस्सी_टीवाय

सर मस्त माहिती.

मॅडम आणखी एक शंका. एका जनुकाच्या पानावर फेनोटाईपच्या यादीत "मरतो", "हळू वाढतो", "अंडी घालत नाही" असं बरंच काही होतं आणि खाली दुसऱ्या टेबलमध्ये परत तेच "मरतो" लिहिलेलं. मग मरतो की नाही?

वारणाकाठ

बाळा तू दोन टेबलांची शीर्षकं बघितली नाहीस. वरचं "दिसलेले" फेनोटाईप आणि खालचं "न दिसलेले". म्हणजे कुणीतरी तो प्रयोग केला, मुद्दाम बघितलं, आणि तसं काही दिसलं नाही, हेही नोंदवून ठेवलंय. मला तर हे दुसरं टेबल पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण पेपरात "काही झालं नाही" हे सहसा कोपऱ्यात कुठंतरी एका ओळीत असतं आणि ते शोधायला आपल्याला कुणी वेळ देत नाही. दोन्हीकडं "मरतो" आलं तर शेजारी बघ, एक आरएनएआयचा प्रयोग असेल आणि एक म्युटंटचा. आरएनएआयनं जनुक पूर्ण बंद पडत नाही, आणि चेतापेशींत तर ते कमीच चालतं. ज्या म्युटंटमध्ये जनुकाचा तुकडाच उडालाय त्याच्यावर जास्त विश्वास ठेवायचा, आणि त्याखालचा मूळ पेपर उघडून वाचायचाच.

कराडकर_कोड

याला जोडून, जीन ऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे जनुकाचं काम ठरावीक शब्दांत नोंदवलेल्या टेबलात पुराव्याचा कोड असतो तीन अक्षरी. आयएमपी म्हणजे म्युटंट बघून, आयडीए म्हणजे थेट तपासून, आणि आयईए म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप चिकटवलेलं, माणसानं बघितलेलं नाही. सी. एलिगन्समध्ये पहिले दोन भरपूर सापडतात. हिमाँकस किंवा मेलॉइडोगायनीत गेलात की जवळपास सगळीकडं आयईए. म्हणजे तिथं लिहिलेलं जनुकाचं काम हे बहुतेक सी. एलिगन्सवरूनच उचललेलं असतं. मग कुणी लिहितं की "हिमाँकसमध्येही हे जनुक हेच काम करतं असं डेटाबेसवरून सिद्ध होतं." काही सिद्ध होत नाही, ज्याच्यावरून उचललं त्याच्याशीच परत ताडून बघितलं, दुसरं काय. मी थीसिस तपासायला मदत करतो तेव्हा हे वाक्य दिसलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण मुलानं कष्ट केलेले असतात.

माणदेशी_मेंढपाळ

मी बी वाचतोय कवापास्नं. माझी माडग्याळी मेंढरं हायती. डॉक्टर आमच्याकडं येत्यात बी. पर मला सांगा, हे समदं कम्प्युटरात बघून माझ्या कळपाला काय मिळणार? औषधाचं पैसं तर दरसाल जात्यात. रागानं विचारत नाही, मनापास्नं विचारतोय.

नीरेकाठचा डॉक्टर

पाव्हणं, रास्त प्रश्न आहे. उद्याच्या उद्या काही मिळणार नाही, ते खोटं सांगत नाही. पण असं बघा, तुमच्या कळपातल्या किड्यांत एफ२००वाय किती आहे ते कळलं तर त्या कळपाला अल्बेंडाझोल पाजण्यात पैसे घालवायचे का नाही हे सांगता येतं. लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिन वेगळ्या ठिकाणी मार करतात, त्यांना हा बदल आडवा येत नाही. पण त्यांच्याविरुद्ध पण किडे तयार होतात, म्हणून तेही उठसूट नाही. तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे, पापणी उलटून बघायची आणि जी पांढरी दिसेल तिलाच पाजायचं, सरसकट कळपाला नाही. ज्या किड्यांनी औषध बघितलंच नाही ते रानात शिल्लक राहतात आणि दाद न देणाऱ्यांची गर्दी पातळ ठेवतात. नवीन मेंढी बाजारातून आणली की आधी वेगळी बांधा, तिच्या पोटातनं दुसऱ्याचे किडे तुमच्या कळपात येतात.

माणदेशी_मेंढपाळ

समदी मेंढरं पाजायची नाहीत हे पटायला वेळ लागंल बघा. पर येताना तुमी दोन-चार पापण्या दावा, मग बघू.

वारणाकाठ

बाकी साधनांबद्दल पटापट लिहिते. एकदम शंभर-दोनशे जनुकांची माहिती हवी असेल तर वर्मबेसवर सिम्पलमाईन आहे, यादी पेस्ट करा, तक्ता मिळतो. पॅरासाईटवर त्याच कामाला बायोमार्ट. किड्याची शरीररचना बघायची तर वर्मअ‍ॅटलस, एकेका विषयावर सविस्तर वाचायला वर्मबुक, दोन्ही फुकट. वर्मबेस आता अलायन्स ऑफ जीनोम रिसोर्सेसचा भाग आहे, तिथं यीस्ट, माशी, झेब्राफिश, उंदीर, माणूस सगळे एका सर्चमध्ये येतात, मानवी आजारावर काम करणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. सी. एलिगन्सच्या जंगली स्ट्रेनमधले बदल बघायला केएन्डर नावाचा डेटाबेस. २०१८ मध्ये अशाच जंगली स्ट्रेनमध्ये बेन-१ चे ढीगभर वेगवेगळे बिघाड सापडले, म्हणजे ज्या किड्याला कुणी औषध पाजलं नाही त्याच्यातही हा बदल परत परत होतो. माती-पाण्यातून औषधासारखं काही त्याच्यापर्यंत पोचत असेल का हा प्रश्न मला फार सतावतो.

द्राक्षाच्या हंगामानंतर कुजलेल्या मालात, केळीच्या बुंध्यात असले किडे शोधणं हा टीवायला छान प्रोजेक्ट आहे. फक्त सापडलेला जिवंत किडा परदेशी लॅबला पाठवायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते, हे आधी बघा, नंतर धावपळ नको.

बीएस्सी_टीवाय

मॅडम करून बघितलं! पॅरासाईटवरून पीआरजेईबी५०६ मधलं आयसोटाईप १ चं प्रथिन घेतलं, वर्मबेसवरून बेन-१ आणि माणसाचं एक बीटा-ट्युब्युलिन, तिन्ही एकाखाली एक लावली. १९७ पासून हिमाँकसमध्ये येतं डी-ई-टी-एफ-सी-आय-डी-एन. बेन-१ मध्ये पण तेच, अगदी अक्षर न् अक्षर. आणि माणसात डी-ई-टी-वाय-सी-आय-डी-एन! म्हणजे २०० वर आपल्याकडं आधीपासूनच टायरोसिन आहे, दाद न देणाऱ्या किड्यासारखं. म्हणून औषध किड्याला जास्त लागतं आणि आपल्याला कमी, असं असेल का? मी अर्धा तास ते एकच अक्षर बघत बसले होते.

वारणाकाठ

शाब्बास गं! हो, ते एक कारण मानलं जातं, एकमेव नाही. आता हेच सी. एलिगन्सच्या उरलेल्या पाच ट्युब्युलिनसोबत लाव आणि १६७, १९८, २०० या तिन्ही जागा बघ. कुठल्या ट्युब्युलिनला औषध चिकटू शकेल याचा तुझा अंदाज आधी लिहून ठेव आणि मगच पेपर वाच.

कराडकर_कोड

छानच. एक सावधगिरी. पुढं प्रथिनाचं त्रिमितीय स्ट्रक्चर उघडशील तेव्हा बऱ्याच फाईलींत बीटा-ट्युब्युलिनची मोजणी अल्फाशी जुळवून केलेली असते, सुरुवातीलाच दोन नंबर वगळलेले. त्यामुळं तुझं २०० तिथं २०२ दिसेल आणि १९८ तिथं २०० दिसेल. २०० वर ग्लुटामेट दिसलं म्हणून गोंधळू नकोस, आजूबाजूची डी-ई-टी अक्षरं बघून जागा पक्की कर.

नीरेकाठचा डॉक्टर

पोरी, तू हे एवढं केलंयस तर एक काम माझं पण कर. माणमधल्या कळपांतल्या लेंड्यांतून अळ्या काढून मी इथॅनॉलमध्ये ठेवतोय. आयसोटाईप १ चे प्रायमर घ्यायचेत पण ते आयसोटाईप २ वर, म्हणजे हिमाँकसच्या दुसऱ्या बीटा-ट्युब्युलिन जनुकावर, बसता कामा नयेत, दोन्ही सिक्वेन्स बरेच सारखे आहेत. दोन्ही जनुकांचं इंट्रॉनसकट (जनुकातला जो भाग प्रथिनात येत नाही तो) सिक्वेन्स काढ, इंट्रॉनमध्ये फरक जास्त असतो, प्रायमरचं एक टोक तिथं बसवता येतंय का बघ. मग ती जोडी अख्ख्या हिमाँकस जीनोमवर ब्लास्ट कर आणि मेंढीच्या जीनोमवर पण, लेंडीत मेंढीचा डीएनए असतोच.

बीएस्सी_टीवाय

हो डॉक्टर, करते. १६७ आणि २०० दोन्ही एकाच तुकड्यात यायला हव्यात ना? मधल्या इंट्रॉनची लांबी बघून सांगते, आणि फाईलच्या नावात रिलीज टाकते.